मोठ्या संख्येची चौकशी कशी करावी

साहित्य : एक मोठी संख्या, पाठकोरे कागद, टोक केलेली पेन्सिल, आल्याचा चहा. कॅल्क्युलेटर घेऊ नये. घेतलाच तर मामांच्या नजरेस पडू देऊ नये.

संख्या कोणतीही चालते. वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक, तिकिटावरचा पीएनआर, गॅसच्या पावतीचा नंबर. असल्या संख्या आपल्याला रोज कोणी ना कोणी चिकटवत असतं आणि आपण त्या न वाचता खिशात कोंबतो. आमचे मामा कोंबत नाहीत. मामा डोंबिवलीला राहतात, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेत, आणि वीजबिल हाती आलं की रक्कम न पाहता आधी ग्राहक क्रमांक पाहतात. त्याचे अवयव पाडून होईपर्यंत बिल भरण्याची मुदत टळते. मग दंडाची रक्कम येते. मग तिचे अवयव. प्रस्तुत मार्गदर्शिका मामांच्याच पद्धतीने रचलेली आहे. तीतलं गणित त्यांचं, कुरकूर माझी.

उदाहरणादाखल १२३४५६७८९० ही संख्या घ्यावी. ती पाठ करावी लागत नाही, आणि एखाद्या फॉर्मवर आपला खरा नंबर द्यायचा नसला की हात आपोआप तीच लिहितो, म्हणजे ओळख जुनीच आहे.

प्रथम संख्येचे मोठ्याने वाचन करावे. उजवीकडून तीन अंक सोडून स्वल्पविराम, मग दोन-दोन अंकांनी : १,२३,४५,६७,८९०. एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. इथे ‘वन पॉइंट टू बिलियन’ म्हणणाऱ्याला मामा पाणीसुद्धा विचारत नाहीत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. अठरा अंकांपर्यंत आपलं आपल्याला पुरतं, हे मामांचं म्हणणं. पण याच माणसाने २०१९ साली सगळ्या नातेवाइकांना धक्का दिला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सदुसष्ट’च्या जोडीला ‘साठ सात’ असं वाचन आलं, घरोघरी संताप झाला, आणि मामा चक्क पुस्तकाच्या बाजूने उभे राहिले. ‘अरे, पोर सदुसष्ट ऐकतं, सात आधी ऐकू येतो, म्हणून ते शहात्तर लिहितं. मी असल्या वह्या तपासल्यात. तुम्ही फक्त अभिमान बाळगलाय.’ त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला त्यांच्याकडे तुरळक माणसं आली.

सम की विषम : शेवटचा अंक पाहावा. शून्य आहे. सम. पुढे चला.

वर्गसंख्या आहे का : शेवटी शून्यं असतील तर ती जोडीने हवीत. इथे एकच आहे. नाही. पुढे चला.

आता विभाज्यता. इथे घाई करू नये. २, ५ आणि १० यांचा निकाल शेवटच्या शून्याने लावला. ३ आणि ९ साठी अंकांची बेरीज करावी : ४५. नऊने भाग जातो. पण थांबा. शून्यापासून नऊपर्यंतचे दहाही अंक एकेकदाच वापरले तर ते कोणत्याही क्रमाने लिहा, बेरीज ४५च येणार. म्हणजे सुरुवातीला शून्य न ठेवता अशा ज्या ३२,६५,९२० दहा अंकी संख्या लिहिता येतात, त्या सगळ्यांना नऊने भाग जातो आणि त्यांत मूळ संख्या एकही नाही. एवढा मोठा निकाल एका बेरजेत. मामा लग्नकार्यात लहान मुलांना गाठून दहा अंक हवे तसे लिहायला लावतात आणि कागदाकडे न बघता ‘नऊने भाग जातो’ असं जाहीर करतात. पहिल्या वेळी मुलं खूश होतात. आता ती मामांना पाहिलं की पंगत बदलतात.

७, ११ आणि १३ साठी वेगळी कसोटी आहे आणि ती शाळेत शिकवायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. या तिघांचा गुणाकार १००१. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावे आणि आळीपाळीने वजा-अधिक करावे : ८९० − ५६७ + २३४ − १ = ५५६. आता एवढ्याशा ५५६ ला तिघांनी भागून पाहावे. सातने बाकी ३, अकराने ६, तेराने १०. तिघेही बाद. फक्त हे करताना स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी द्यावे लागतात, म्हणजे त्या बिलियनवाल्यांसारखे. मामा अशा वेळी स्वल्पविराम देत नाहीत. पेन्सिलीने बारीक टिंबं देतात आणि काम झालं की खोडतात.

यानंतर अवयव पाडावे. हे खरं काम. ९० बाहेर काढले की १,३७,१७,४२१ उरतात. ही संख्या गप्प बसते. सातने नाही, सतराने नाही, एकोणीसने नाही. एकेक मूळ संख्या घेऊन भागत गेलात तर पाचशेच्या आसपास भागाकार करावे लागतील, आणि चहा तर पहिल्या पन्नासातच संपतो. अशा प्रसंगी फर्माला शरण जावे. हा सतराव्या शतकातला फ्रेंच कायदेपंडित, गणित फावल्या वेळात करायचा. त्याची युक्ती उलटी आहे. लहान भाजक शोधत वर चढायचं नाही, वर्गमुळापासून सुरुवात करायची. आपल्या संख्येचं वर्गमूळ ३७०३ च्या थोडं वर. म्हणून ३७०४ चा वर्ग करून त्यातून संख्या वजा करावी : २१९५ उरतात. हा कोणाचा वर्ग नाही. आता ३७०५ चा वर्ग : १,३७,२७,०२५. त्यातून १,३७,१७,४२१ वजा केले की ९६०४. आणि ९६०४ म्हणजे ९८ चा वर्ग! मग दोन वर्गांची वजाबाकी, आठवीचं सूत्र : (३७०५ − ९८) गुणिले (३७०५ + ९८). म्हणजे ३६०७ × ३८०३, दोन्ही मूळ संख्या. दुसऱ्याच फटक्यात. आपली पूर्ण संख्या झाली २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३.

हे पहिल्यांदा कागदावर उतरलं तेव्हा मामा खुर्चीतून उठले होते. मी त्यांना मुलीच्या लग्नातही इतकं हललेलं पाहिलं नाही.

सावधगिरीची सूचना : दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ही युक्ती झटपट चालते. एरवी हालअपेष्टा. दोनचा ६७ वा घात घेऊन त्यातून एक वजा केला तर १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या मिळते. ती मूळ नाही हे लुकास या फ्रेंच गणितीने १८७६ मध्येच दाखवलं होतं, पण अवयव कोणते ते कळलं नव्हतं. हा प्रकार सामान्य माणसाला पटत नाही. खून झालाय हे सिद्ध, खुनी बेपत्ता. १९०३ च्या ऑक्टोबरात अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. हकीकत अशी सांगतात की त्यांनी एका बाजूला ही संख्या मांडली, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला, दोन्ही उत्तरं जुळली, आणि चकार शब्द न काढता ते जागेवर जाऊन बसले. किती वेळ लागला असं पुढे विचारल्यावर ‘तीन वर्षांतले रविवार’ असं उत्तर दिलं म्हणे. मामा ही गोष्ट सांगताना गहिवरतात. मामी एवढंच विचारतात, ‘त्या रविवारी बाजारात कोण जायचं?’

संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणं सोपं, फोडणं अवघड, या फरकावर बँकांची गुपितं उभी आहेत. ठरवण्याची झटपट आणि खात्रीची रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. फोडण्याची तशी रीत आपल्या साध्या संगणकांसाठी अजून कोणाला सापडलेली नाही, म्हणून तुमचं नेट बँकिंग शाबूत आहे. मामा तरीही पासबुक भरून आणायला स्वतः जातात.

अवयव हाती आले की विभाजक मोजणे हा पोरखेळ. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार : २ × ३ × २ × २ × २ = ४८. दहा अंकी संख्येला हे फार नाहीत. आपल्याहून लहान असलेल्या १,१०,२७,०१,६०० ला १४४० विभाजक आहेत. आधीच्या सगळ्यांहून जास्त विभाजक असणाऱ्या अशा संख्यांवर रामानुजन यांचा १९१५ चा मोठा शोधनिबंध आहे. तरी आपली संख्या अगदीच हलकी नव्हे : स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज १,९७,७०,४२,७९८ भरते, म्हणजे स्वतःपेक्षा अधिक. अशांना विपुल म्हणतात. बेरीज कमी भरली तर न्यून, बरोबर तेवढीच भरली तर परिपूर्ण. परिपूर्ण फार विरळ : ६, २८, ४९६, ८१२८, आणि पुढची थेट ३,३५,५०,३३६. हे तीन वर्ग निकोमेकस या ग्रीक लेखकाने पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास मांडले आणि विपुल संख्यांना जादा अवयव फुटलेल्या प्राण्यांच्या पंगतीत बसवलं. माणसाला वर्गवारी करून दिली की तो लगेच नावं ठेवायला लागतो.

येथवर जे झाले ते संख्येच्या अंगचे गुण. ती रोमन आकड्यांत लिहा, मोडीत लिहा, बायनरीत लिहा, ४८ विभाजक कुठे जात नाहीत. यापुढचे गुण मात्र तिच्या कपड्यांचे आहेत, म्हणजे आपण तिला दशमान पद्धतीत लिहितो म्हणून दिसणारे. हा भेद मामांसमोर बोलू नये. कारण इथून पुढे कापरेकरांचं राज्य सुरू होतं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणू, १९०५. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक. संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. अंकांशी खेळ केवळ आवडीने. आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांनी त्यांना हसण्यावारी नेलं आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर मग त्यांची जगभर ओळख झाली. मामा हे सांगतात तेव्हा ते देवळालीच्या मास्तरांबद्दल बोलतात की डोंबिवलीच्या, हे मी विचारत नाही.

तर कापरेकरी चौकशी अशी. अंकांच्या बेरजेने संख्येला भाग जातो का? ४५ ने १२३४५६७८९० ला भाग जातो, उत्तर २,७४,३४,८४२. म्हणजे ही हर्षद संख्या. नाव त्यांनीच दिलेलं. खुद्द ४५ घ्या : तिचा वर्ग २०२५, आणि २० + २५ पुन्हा ४५. ती कापरेकर संख्या. पुढे, संख्येचा जनक शोधावा. कोणत्या संख्येत तिचेच अंक मिळवले की आपली संख्या येते? १२३४५६७८४५, अंकांची बेरीज ४५, मिळवा : १२३४५६७८९०. जनक सापडला, आणि तो एकमेव आहे. २० ला असा जनकच नाही, म्हणून २० स्वयंभू. ३१ स्वयंभू, ४२ स्वयंभू. आपली नाही. मामांना याचं वाईट वाटलं होतं.

आणि आता ६१७४. चार अंक घ्यावे, सगळे सारखे नसावे, उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाचे वजा करावे, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ वर येऊन गाडी थांबते. आमच्या दहा अंकी पाहुणीला हा प्रयोग लावा : ९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९ = ९७५३०८६४२१. उत्तर नीट पाहा. त्यात पुन्हा तेच दहा अंक, एकेकदा. म्हणजे पुढच्या फेरीतही उत्तर हेच, आणि त्यापुढच्याही. चार अंकांना सात फेऱ्या लागतात तिथे ही एका पावलात मुक्कामी. मी हे आधी ऐकलेलं असूनही दर वेळी वजाबाकी करून बघतो.

डेम्लो संख्यांचा उल्लेख डोंबिवलीत टाळता येत नाही. १२१, १२३२१, १२३४३२१ असं करत १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंत जावे, तो नऊ एक्क्यांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग. हा विषय कापरेकरांना जी.आय.पी. रेल्वेच्या ज्या स्टेशनवर सुचला त्याच्या नावावरून तो ओळखला जातो, आणि ते डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. मामा पाहुण्यांना हे फलाटावरच सांगायला सुरुवात करतात. सकाळी आठला त्या फलाटावर दोन्ही पाय टेकवायला जागा मिळत नाही, तिथे गणित सुचायचं कुठून.

या साऱ्यावर एक इसम पाणी ओततो. त्याचं नाव हार्डी, इंग्रज गणिती. १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात त्याने ८७१२ आणि ९८०१ या संख्या घेतल्या. उलट्या लिहिल्या की २१७८ आणि १०८९, ज्यांच्या त्या अनुक्रमे चौपट आणि नऊपट. मग अंकांच्या घनांची बेरीज स्वतःइतकीच भरणाऱ्या १५३, ३७०, ३७१, ४०७ घेतल्या, आणि म्हटलं की या गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, गणितीला यात काही नाही. मामांचं आणि हार्डीचं तेव्हापासून वैर आहे. हार्डी १९४७ मध्ये वारला, पण मामांनी प्रकरण मिटवलेलं नाही. ‘हा तोच ना, ज्याला टॅक्सीत बसून १७२९ नीरस वाटली?’ एवढं बोलून ते विजयी मुद्रेने चहाचा घोट घेतात. (१७२९ ची पुढची गोष्ट सांगू नये. ती सगळ्यांना माहीत असते. मामा दर टॅक्सीत सांगतात.)

हार्डीचं म्हणणं तपासायला सोपं आहे. आपली संख्या बायनरीत लिहिली तर ३१ अंकी होते आणि तीत बारा एक येतात. बेरीज १२. बाराने भाग जातो का? चारने जात नाही, तर बाराने कुठला. हर्षदपण खलास. कपडे बदलले, गुण गेला. मला हार्डीचं पटतं. पण जेवायला मी मामांकडे असतो, आणि मामी आग्रहाने वाढत असताना असले मुद्दे काढत नाहीत.

आनंदी संख्या तपासण्याची रीतही याच जातीची, आटपून टाकू. प्रत्येक अंकाचा वर्ग, त्यांची बेरीज, पुन्हा तेच. शेवटी १ आला तर आनंदी. आपली जाते २८५, ९३, ९०, ८१, ६५, ६१, ३७, ५८, ८९, आणि पुढे फिरून पुन्हा ३७. घाण्याला जुंपली. म्हणजे हर्षद आहे, पण आनंदी नाही. मामींनी ताटात भात वाढता वाढता म्हटलं, ‘दुसऱ्याला हर्ष द्यायचा आणि आपण फिरत राहायचं. बाईमाणूस दिसतंय.’ मामांकडे यावर कसोटी नव्हती.

एक गोष्ट कदापि करू नये. अंकांची बेरीज, बेरजेची बेरीज असं करत एक अंक आणायचा आणि त्यावर नशीब सांगायचं. माझ्या मेव्हण्याने गाडीला बेरीज नऊ येणारा नंबर मिळावा म्हणून जादा पैसे भरले. शेवटी नऊ येणं याचा अर्थ एवढाच, की संख्येला नऊने भाग जातो. दर नऊ संख्यांमागे एक अशी असते. मामांनी त्याला हे पेन्सिलीने लिहून दाखवलं आणि म्हणाले, ‘जावईबापू, ही बाकी आहे. बाकीला क्लच कळत नाही.’ गाडी त्या वेळी गॅरेजमध्येच होती.

शेवटचा विधी कालाचा. संगणक १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजत आले आहेत. ही मोजणी बरोबर १२३४५६७८९० वर आली तो क्षण आपल्याकडे १४ फेब्रुवारी २००९ च्या पहाटे ५ वाजून १ मिनिट ३० सेकंदांचा. पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या मामेभावाने हे आदल्या रात्री फोनवर सांगितलं आणि मामांनी गजर लावला. व्हॅलेंटाइन डेची पहाट, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी मामींना हलवून उठवलं, घड्याळ समोर धरलं, आणि काटा तिसावर येताच म्हणाले, ‘झालं.’ मामी म्हणाल्या, ‘काय झालं?’ मामांनी समजावून सांगायला घेतलं. मामी पांघरूण ओढून झोपल्या.

पुढचा मुहूर्त २१४७४८३६४७ चा. ही मूळ संख्या आहे, हे ऑयलर या गणितीने १७७२ मध्ये कळवलं होतं. बत्तीस बिटांत सेकंद मोजणारे जुने संगणक याच आकड्यावर अडतात, कारण पुढच्याला जागा उरत नाही. तारीख १९ जानेवारी २०३८, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. मामांनी वहीत लिहून ठेवलं आहे. मामींनी आत्ताच बजावलंय, ‘अहो, त्या वेळी गॅसवर दूध असतं. काय थांबायचंय ते माझ्याशिवाय थांबू दे.’